हरिश्चंद्रगडाला निघालात, पण कुठल्या वाटेनं?

परवा ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "ताई, रविवारी हरिश्चंद्रगडाला चाललेय. पहिलाच ट्रेक. काय काय घेऊ?" मी विचारलं, कुठल्या वाटेनं? तिला माहीत नव्हतं. पैसे भरून झाले होते, बूट आणून झाले होते, गडावरच्या कोकणकड्याचे ढीगभर रील पाहून झाले होते. वाट कुठली, हे विचारायचं असतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गड एकच, पण अकोले तालुक्यातल्या पाचनईतून निघालात तर दोन-तीन तासांत गडावरच्या मंदिरापाशी पोचता. जुन्नरकडच्या खिरेश्वरातून टोलार खिंडीमार्गे जवळपास दुप्पट वेळ लागतो. खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे, आणि पुढच्या टेकाडांत धुकं उतरलं की सरावलेली माणसंही चुकतात. मुरबाडच्या बेलपाड्यातून नळीची वाट धरली तर अख्खा दिवस सुट्या दगडांतून चढायचं, मध्ये दोर लावायचे टप्पे. फोटो मात्र तिन्ही वाटांच्या लोकांचे त्याच कड्यावरचे.

मीसुद्धा पहिल्या वेळी काहीच विचारलं नव्हतं. ऑगस्ट महिना, घाटातली एक साधी वाट. सकाळी ओढा घोट्याएवढा होता, परतताना कमरेएवढा. आमच्या डोक्यावर चक्क ऊन होतं! पाऊस वर पठारावर कोसळत होता. तिथं सगळा कातळ, पाणी मुरायला जागाच नाही, ते सरळ खाली येतं. पलीकडच्या काठावरून एक मामा हात हलवून "थांबा, थांबा" ओरडत होते. दोन तासांनी पाणी उतरलं, तेव्हा त्यांनी आम्हाला एकेकाला हाताला धरून पार नेलं. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत पावसाळ्यात का उतरू नये, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून आता मी आधी पायथ्याच्या गावात, जिथं जेवण सांगायचं त्या घरी फोन करते. काल पाऊस कसा झाला? ओढ्याला पाणी किती? मार्च-एप्रिल असेल तर गडावरच्या टाक्यात पाणी आहे का, कड्याला आग्या मोहोळ बसलंय का? (मोहोळ असेल तर अत्तर नको, शेकोटी नको.) पाच मिनिटांच्या त्या फोनवर जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत नसतं.

आणि पैसे घेऊन नेणाऱ्यांना तर विचारायलाच हवं. किती माणसांमागे किती लीडर? प्रथमोपचार कुणाला येतो? राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्याखाली नोंदणी केलीय का? या प्रश्नांचा राग येणाऱ्या माणसाबरोबर मी माझ्या भाचीला पाठवणार नाही.

काल रात्री त्या मुलीचा फोन आला. वाट खिरेश्वरची, चाळीस जणांमागे दोन लीडर. तिनं पैसे परत मागितलेत. पाऊस ओसरला की आम्ही दोघी पाचनईतून जाणार आहोत. जेवणाचं सांगायला मी आजच फोन केला. त्या घरचे मामा म्हणाले, "दसऱ्यानंतर या, तोवर वाट निसरडी आहे."