ओढ्यात टाका, कुणी विचारत नाही. खत करा, मग बघा

आज लिहितेच. लई दिवस दम धरला होता, पण परवा आमच्या खताच्या तपासणीचा कागद परत आला, वर लाल पेनानं शेरा, 'सविस्तर खुलासा सादर करावा', आणि डोकंच सटकलं माझं. अहो कसला खुलासा? भाजीचा पाला आणि डागी डाळिंब कुजवून खत करतोय आम्ही, गांजा नाही लावला. माझी आजेसासू गोठ्यामागं उकिरड्यावर हेच करायची आणि तिला कधी कुणी आवक-जावक नंबर विचारला नाही.

तर विषय असा. सांगोला रोडला आमचं छोटं पॅकहाऊस आहे, म्हणजे माल निवडून पॅक करायचं शेड. मुख्य भगवा डाळिंब, बहार नसला की कांदा, कोबी, ढोबळी, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल पण आमच्याकडंच येतो. ज्यांनी सॉर्टिंगचं टेबल कधी बघितलं नाही त्यांना सांगते, क्रेट टेबलावर ओततात, दोन्ही बाजूला मावश्या उभ्या, एकेक फळ हातात फिरवून बघायचं, कळीपाशी भेग आहे का, उन्हाचा चट्टा आहे का, अळीचं भोक आहे का, तेल्या रोगाचा काळा डाग आणि त्याच्या मधोमध चीर आहे का, आणि जे नाही चाललं ते पायाशी ठेवलेल्या क्रेटमध्ये. कांद्याचं तर विचारूच नका, चिंगळी वेगळी, जोड वेगळे, डेंगळे वेगळे, आणि सालपट उडून अख्ख्या शेडभर, डब्यात पण सालपट. कोबीची वरची पानं काढल्याशिवाय व्यापारी हात लावत नाही. संध्याकाळी हे सगळं एका बाजूला साचतं. उन्हाळ्यात दुपारी टाकलेलं फुटकं डाळिंब रात्रीपर्यंत आंबतं, ताडीसारखा वास सुटतो आणि चिलटं तर अशी की तोंड उघडून बोलायची सोय नाही.

आता ह्याचं करायचं काय? सोपा मार्ग सगळ्यांना माहितीय. रात्री ट्रॉली भरायची, ओढ्याच्या पुलावर उभी करायची, फाळका खोलायचा, मोकळं. पैसा लागत नाही, कागद लागत नाही. कोण कोण करतं मी नाव घेत नाही, रस्त्यानं गेलं की नाकाला कळतं. त्यांना आजपर्यंत एक नोटीस नाही, कारण ओढ्याला गेट नाही, बोर्ड नाही, मोबाईल नंबर नाही, नोटीस द्यायची कुणाला? आणि आम्ही गेट करून, फरशी करून, नाली काढून, रजिस्टर ठेवून खत करतो, तर आम्ही सापडतो. सापडायला सोपे म्हणून आम्हीच दोषी.

आता नियम ऐका. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम, एप्रिल २०२६ मध्ये नवे येईपर्यंत हेच होते. दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा काढला की तुम्ही बल्क जनरेटर. मोठे कचरेवाले. १०० किलो म्हणजे किती हो? आमचा क्रेट वीस किलोचा, म्हणजे पाच क्रेट. पाच क्रेट डागी तर सकाळच्या पहिल्या चहाच्या आधी निघतो. बरं, ते नियम मुळात लिहिले होते शहरांसाठी, नगरपालिका, सेन्सस टाऊन, औद्योगिक वसाहती असं सगळं त्यात होतं, आणि आमचं तर साधं गाव. म्हणून मी सरळ विचारलं, साहेब हे आम्हाला लागू आहे का? साहेब म्हणाले, तसं नाही, पण करून घेतलेलं बरं मॅडम. म्हटलं मग लागू नाही असं लेखी द्या. लेखी देता येत नाही. बरं, लागू आहे असं लेखी द्या. ते पण देता येत नाही! म्हणजे नियम आहे पण तोंडी आहे. (त्याआधी 'मालकांना पाठवा' हे झालंच होतं. सातबाऱ्यावर माझं नाव, पॅकहाऊसच्या लायसनवर माझं नाव, तरी मालक कोणतरी दुसरा असणार आणि मी त्यांचा निरोप घेऊन आलेली. असो.)

दुसऱ्या हापिसात अजून भारी. तिथं प्रश्न आला की कचरा कुणाचा. स्वतःच्या शेतातला असेल तर तो शेतीचा अवशेष, काही हरकत नाही, पण दुसऱ्याच्या शेतातला माल तुमच्या शेडमध्ये आला आणि त्यातला डागी निघाला तर तो व्यावसायिक कचरा, त्याला प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र बघावं लागेल, आणि मग प्रदूषणाची वर्गवारी कुठली, कोण म्हणतं पांढरी, कोण म्हणतं हिरवी, आणि जमीन एनए (बिगरशेती) आहे का, आणि ग्रामपंचायतीची ना हरकत आहे का, आणि ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब तर आठवड्यातून एकदा गावात. अहो, शेजारच्या भाऊजींची बाग आणि आमची बाग, मधी एक बांध. त्यांचं फुटकं डाळिंब आणि माझं फुटकं डाळिंब एका क्रेटमध्ये पडलं की एक अवशेष आणि एक कचरा. मी ढिगाला जाऊन सांगू का, तू इकडं कुज आणि तू तिकडं कुज?

आणि हे तर काहीच नाही. खरी गंमत दोन नियम एकमेकांसमोर उभे केले की कळते. घनकचऱ्याचा नियम म्हणतो मोठ्या कचरेवाल्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. चांगलंय. आणि एक्स्पोर्टचं ऑडिट करायला येतात ते म्हणतात कचरा आवारात दिसलाच नाही पाहिजे, झाकणाचा डबा, रोज उचल, शेडपासून लांब, चिलट दिसलं की शेरा. त्यांचं पण चूक नाही, युरोपला जाणाऱ्या फळावर चिलटं बसून कसं चालेल. पण मग लांब म्हणजे किती? एकाला विचारलं तर म्हणे 'पुरेसं लांब'. आवारात पण पाहिजे आणि आवारापासून लांब पण पाहिजे, माझं सगळं रान तीन एकर, ढीग काय लिंबाच्या झाडाला टांगू?

मग तेल्या. सोलापूरकरांना तेल्या काय ते सांगायला नको, बागाच्या बागा उपटल्या लोकांनी. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच इथं केगावला आहे, २००५ पासून. तेल्याची फळं आणि छाटलेल्या काड्या गोळा करून बागेच्या बाहेर नेऊन जाळा, हे कुठलाही जाणकार सांगतो आणि बरोबरच सांगतो, जिवाणू आहे तो, पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, एक फळ खाली राहिलं की पुढच्या बहाराला परत. आणि हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साधं जाळलं तर ५,००० दंड, ढिगानं जाळलं तर २५,०००. ती बंदी पण योग्यच आहे, शहरात प्लॅस्टिक जाळतात त्याचा धूर लेकरं गिळतात. पण आता माझ्या शेडमध्ये तेल्याचे दोन क्रेट पडलेत, मी काय करू? जाळलं तर दंड. ढिगात घातलं आणि ढीग नीट तापला नाही तर रोग परत बागेत. पुरलं तर परत तोच प्रश्न, परवानगी घेतली का. ह्याच २०१६ ला सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं बरं का, सत्कार झाले, फोटो झाले. फळाला मान्यता मिळाली, फळातल्या डागी फळाचं काय ते कुणी ठरवलंच नाही.

आणि ढीग कसा तापवायचा ते मला शिकवू नका. कोबी-डाळिंब म्हणजे बहुतेक पाणीच, नुसतं रचलं की चिखल होतो आणि घाण मारतो, म्हणून त्यात उसाचं पाचट, तुराट्या बारीक करून, थरावर थर, मधी शेणकाला. कार्बन पंचवीस-तीस आणि नत्र एक ह्या बेतानं. मुठीत दाबलं की हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब गळायला नको. नीट जमलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात घालवत नाही आत. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात तर आकडेच आहेत, उघड्या रांगेतला ढीग ५५ ते ७७ अंशावर १५ दिवस आणि तेवढ्यात कमीत कमी ५ वेळा पालटायचा. मला हा नियम आवडतो, खरंच, कारण त्यात काय करायचं ते लिहिलंय. आम्ही लांब दांड्याचा थर्मामीटर आणला, रजिस्टर केलं, सकाळ-संध्याकाळ लिहितो. तर ऑडिटवाला म्हणे थर्मामीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवा. ते पण आणलं. हे सगळं कुठं, तर सोलापूर जिल्ह्यात, जिथं मे महिन्यात सावलीत ४३-४४ असतंय आणि ढीग मरतो तो पाण्यावाचून. उजनी धरण भरलं तरी शहरात नळाला रोज पाणी नाही, आम्ही ढिगावर शिंपडायला बोअरचं पाणी वापरतो तर त्याचा पण रकाना आहे फॉर्ममध्ये, 'पाण्याचा स्रोत व दैनंदिन वापर'.

बरं झालं एकदाचं खत. काळंभोर, भुसभुशीत, मातीचा वास. आमच्या रानाला पुरून उरलं. गावातले म्हणाले वहिनी दोन ट्रॉल्या द्या, पैसे घ्या. थांबा! खत नियंत्रण आदेश १९८५. विकायचं तर नोंदणी, आणि माल मापात बसला पाहिजे. सिटी कंपोस्टचं माप बघा, ओलावा १५ ते २५ टक्के, ४ मिलिमीटरच्या चाळणीतनं ९० टक्के पडलं पाहिजे, कार्बन-नत्र २० च्या आत, किलोमागं शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५, आर्सेनिक १०. शहरातल्या कचऱ्यात सेल-बॅटऱ्या येतात, तिथं हे तपासलंच पाहिजे. आमच्या कोबीच्या पानात शिसं शोधायचंय तर शोधा, माझी ना नाही, पण लॅबची फी भरली की दोन ट्रॉल्यांचे पैसे तिथंच संपले. आणि तिकडं शेणखताची ट्रॉली भर रस्त्यानं जाते, निम्मी माती, गोटे, वर गाजरगवताचं बी फुकट, ती कोण अडवतं? कोणी नाही. वर आणि फलोत्पादन अभियानात गांडूळ खताच्या ३० बाय ८ बाय अडीच फुटी हौदाला अनुदान देतात. म्हणजे करा म्हणून पैसे देणारं एक टेबल, आणि का केलं म्हणून खुलासा मागणारं दुसरं टेबल, आणि त्या दोन टेबलांची आयुष्यात ओळख नाही.

माझं डोकं कशानं फिरतं सांगू? जे खरंच बघायला पाहिजे ते कुणी बघत नाही. खतात खरा त्रास कशाचा असतो, फोमनेटचा. डाळिंबाला घालतात ती पांढरी जाळी, तिचे तुकडे, फळावरचे स्टिकर, रबर, मावश्यांच्या पोरांच्या वेफर्सची पाकिटं, हे ढिगात गेलं की दहा वर्षं रानातनं निघत नाही. आम्ही दोन बाया फक्त ते वेचायला ठेवल्यात. दुसरं ढिगाखालचं पाणी. ते काळं पाणी विहिरीत उतरायला नको, हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, म्हणूनच फरशीला ढाळ दिला, नाली केली, कोपऱ्यात खड्डा केला आणि ते पाणी परत ढिगावरच मारतो. तपासणीला साहेब आले. गेटपाशी उभे राहिले. रुमाल नाकाला, खरं तर वास नव्हताच त्या दिवशी. खड्डा बघा म्हटलं, नाली बघा म्हटलं, रजिस्टर बघा म्हटलं. तर म्हणाले, बोर्ड कुठंय? कसला बोर्ड? 'प्रकल्पाचे नाव दर्शवणारा फलक'. गेटचा फोटो काढला, बोर्ड नसल्याचा, आणि गेले. चहा पण नाही घेतला. ढिगापर्यंत पन्नास पावलं पण नव्हती.

त्याच कागदावरचा हा शेरा, सविस्तर खुलासा.

हां, एक बरंय, आमचं रान माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या हद्दीत येत नाही. तिकडच्या लोकांचे हाल ऐकले की मी गप बसते दोन मिनिटं.

आमचे हे म्हणतात सोडून दे, सगळे टाकतात तसं टाकू ओढ्याला, कुणाशी भांडतीस. नाही टाकणार. त्या ओढ्याचं पाणी खालच्या वस्तीवरची जनावरं पितात, आणि पाचट-पाला घालून माझं रान आता कुठं सुधारायला लागलंय, गांडूळ दिसतंय मातीत.

सोमवारी सोलापूरला जाणारे खुलासा घेऊन. सांगोल्याहून सोलापूर म्हणजे अख्खा दिवस मोडतो, सॉर्टिंग त्या दिवशी बंद, मावश्यांचा रोज बुडतो तो वेगळा. खुलाशात सरळ लिहिलंय, ढिगात काय जातं, किती जातं, किती तापतं, पाणी कुठं जातं, तेल्याचा माल वेगळा कुठं ठेवतो. आणि खाली एक ओळ, ह्यातलं काय नियमात बसत नाही ते कलमासह लेखी कळवावे, आणि तेल्याची फळं जाळायची का पुरायची ते पण लेखीच कळवावे. पोच घेतल्याशिवाय उठत नसते मी. तुमच्यापैकी कुणाला कुठल्याही तालुक्यात असं लेखी उत्तर मिळालं असेल तर झेरॉक्स पाठवा, जोडते सोबत. बोर्ड पण रंगवायला टाकलाय, चांगला सहा फुटी. आणि बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेणारे, आठ दिवस टिकते, बघू कोण आधी उठतंय.