‘बोट तुमचीच कशावरून?’ या प्रश्नासाठी आम्हाला एक स्टार देणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. आम्ही बोटींच्या खरेदी-विक्रीचे कागद करतो. तुम्ही मासेमारीची बोट विकायला काढलीत, तेव्हा आमच्या ऑफिसात तुम्हाला ‘बोट तुमचीच कशावरून?’ असं विचारलं गेलं, तेही आईंसमोर. तो सूर चुकला. माफ करा.

प्रश्न मात्र चुकला नव्हता. तुम्ही लिहिलंय, ‘जुन्या बोटीला जीएसटीची बिलं मागून मुद्दाम दोन महिने घालवले, १८ हजार लुटले, गिऱ्हाईक पळालं.’ हे बंदरावरचा प्रत्येक जण वाचणार आणि आमचं पोट याच कामावर आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो. आधी पैशांचं. फी १५,००० आणि तिच्यावर १८ टक्क्यांप्रमाणे २,७०० जीएसटी, मिळून १७,७००. अठरा हजार नाहीत. फी फाइल तयार करण्याची होती, विक्री होवो न होवो. हे तोंडी सांगितलं होतं, पावतीवर लिहिलेलं नाही. ती चूक आमची.

आता मालकी. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला नंबर, विमा, डिझेलची पुस्तिका, अख्ख्या वाडीला बोट कुणाची ते ठाऊक असणं, यातल्या कशानेच मालकी सिद्ध होत नाही. मासेमारीचा परवानासुद्धा महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालचा वेगळा कागद आहे. तो मासे मारायची परवानगी देतो, बोट कुणाची ते ठरवत नाही. बोटीसोबत तो आपोआप जातही नाही, घेणाऱ्याला स्वतःच्या नावाने काढावा लागतो. विकणाऱ्याचं नाव लागतं ते नोंदणी प्रमाणपत्रावर. तुमच्या प्रमाणपत्रावर नाव तुमच्या वडिलांचं आहे आणि ते गेल्या वर्षी गेले. त्या दिवसापासून आई, तुम्ही आणि बहीण तिघांचा वाटा सारखा. एकट्या तुमच्या सहीवर खरेदीखत केलं असतं, तर घेणाऱ्याने चौदा लाख मोजून तिसऱ्या हिश्शाची बोट घेतली असती. म्हणून वारस दाखला, आई आणि बहिणीचं नोटरी केलेलं संमतीपत्र, मग नोंदणी आधी वारसांच्या नावे आणि त्यानंतर घेणाऱ्याच्या नावे. हा क्रम आम्ही शोधून काढलेला नाही.

फाइल ९ मे रोजी उघडली. बहिणीची सही आली १४ जूनला. ते ३६ दिवस आमच्या खात्यावर मांडू नका, दादा. घरातलं इथे बोलणार नाही.

राहिलं बिल, ज्यावर तुमचा सगळा राग आहे. जुन्या लाकडी बोटीचं एकच असं बिल नसतंच, हे आम्हालाही कळतं. सुताराने वाडीत बांधलेली बोट, लाकूड एकाकडून, खिळे-पट्ट्या दुसऱ्याकडून, इंजिन तिसऱ्याकडून. त्यामुळे आम्ही बोटीचं बिल मागितलंच नव्हतं. सांगाड्यासाठी सुताराचा बांधणी दाखला चालतो, तो तुमच्याकडे होता आणि चांगला होता. आम्ही मागितलं इंजिनचं बिल, कारण प्रमाणपत्रावर २०११ चं इंजिन आहे आणि बोटीत २०१९ चं बसलंय. इंजिन बदललं पण नोंद बदलली नाही, ही गोष्ट दर चार-पाच फायलींत एकदा निघते. पाहणीला आलेला अधिकारी नंबर ताडून बघतो आणि तिथेच अर्ज अडकतो. तुमची बोट तर शाकारून ठेवलेली. झापं काढून, इंजिनच्या ब्लॉकवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून नंबराची पेन्सिलछाप घेतली ती आमच्या पोराने, भर पावसात. त्याचं अभिप्रायात काही आलं नाही.

बिल पहिल्याच दिवशी मागितलं होतं. ‘कुठेतरी असेल’ असं उत्तर मिळालं. आलं तेव्हा जून अर्धा संपला होता आणि बिलावर नाव निघालं तुमच्या चुलत पुतण्याच्या बर्फाच्या फर्मचं. तिथे जीएसटी नंबर होता म्हणून बिल तिथे फाडलं आणि फर्मने त्यावर इनपुटही घेतलं, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करून घेतला. आता कागदावर बोट तिघा वारसांची आणि तिच्या पोटातलं इंजिन फर्मचं! हे तसंच दडपून विकलं असतं, तर उद्या फर्मच्या हिशेबात ‘इंजिन कुठे गेलं?’ असा प्रश्न निघाला असता. इनपुट घेतलेली भांडवली वस्तू विकली की दोन आकडे काढायचे, घेतलेल्या इनपुटमधून दर तिमाहीला पाच टक्के वजा करून जे उरेल ते, आणि आजच्या विक्रीकिमतीवरचा कर. यातला मोठा असेल तो भरायचा. वीस तिमाही म्हणजे पाच वर्षं केव्हाच उलटली होती, पहिला आकडा शून्यावर आला. म्हणून फर्मने जुन्या इंजिनची आजची किंमत लावून तुमच्या नावे कराचं बिल काढलं, कर भरला आणि इंजिन तुमचं झालं. हे २ जुलैला मिटलं. अठरा दिवस. पुतण्याच्या सीएची वाट बघण्यातच त्यातले बरेच गेले.

बोटीवर मात्र आम्ही एक रुपयाचा जीएसटी लावला नाही. तुम्ही ताजी मासळी विकता, तिच्यावर कर नाही, तुमची जीएसटी नोंदणी नाही. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी गोळाच करता येत नाही. गिऱ्हाइकाची बँक ‘कराचं बिल आणा’ म्हणत होती, तेव्हा विकणारे नोंदणीकृत नाहीत अशी घोषणा खरेदीखतात घालून त्यांना तेच समजावलं. नव्या मासेमारी बोटीवर ५ टक्के लागतात आणि मौजेच्या बोटीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, तेव्हा खतात ‘मासेमारी नौका’ हे शब्द मुद्दाम लिहिले. डिझेलवरच्या कराचा थकलेला परतावा कुठल्या तारखेपर्यंत तुमचा आणि कुठून पुढे त्यांचा, हेही त्यात घातलं. हे कलम नसलं की नंतर दोघे मच्छीमार सोसायटीच्या दारात भांडतात. वडिलांनी घेतलेलं कर्ज फिटलं होतं, पण प्रमाणपत्रावरचा बोजा उतरला नव्हता. बेबाकी दाखला आणून तोही उतरवायला दिला.

अर्ज ४ जुलैला ऑनलाइन गेला. १६ जुलैला गिऱ्हाईक गेलं. ३१ जुलैला पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या आत बोट हवी होती, हे त्यांचं म्हणणं खरं असेलही. पण गिऱ्हाईक गेलं त्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात काय झालं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांना ४ लाख रोख द्यायचे होते आणि खतात तेवढी किंमत कमी दाखवायची होती. आम्ही नाही म्हटलं. आयकराच्या नियमाने एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड. रोख घेणारे तुम्ही होता, आम्ही नव्हे. जेटीवर स्टॅम्पपेपरवर सह्या करून दोन दिवसांत बोट देणारेही आहेत, आम्हाला माहीत आहेत. नोंदणी तशीच राहते आणि नवा मालक बंदी असलेले एलईडी दिवे लावून मासे मारताना पकडला गेला की नोटीस जुन्या नावावर येते.

पावतीवर अटी छापून घेतोय आणि पहिल्याच भेटीत कागदांची यादी हातात देणार आहोत. बोलण्याच्या पद्धतीबद्दल ऑफिसात सांगितलंय.

तुमची फाइल बंद केलेली नाही. संमतीपत्रं, फर्मचं बिल, बेबाकी दाखला सगळं लागलेलं आहे. नवं गिऱ्हाईक आलं तर फक्त घेणाऱ्याचे कागद आणि नवं खरेदीखत लागेल, त्याची वेगळी फी घेणार नाही. सुताराचा मूळ दाखला आमच्याकडेच आहे, तो तरी येऊन घेऊन जा. एक ते चार बंद असतं.