फिक्या पानाचा सिगार आणि माझी घाई

‘हा होय? हा तर नवशिक्यांचा!’ फिक्या, बदामी पानाचा सिगार कुणाच्या हातात दिसला की सिगारवाल्यांच्या बैठकीत हे वाक्य ठरलेलंच. मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो. आता म्हणत नाही, आणि त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे.

पाच सिगारांचं एक पाकीट हाती आलं होतं. रोबुस्तो आकाराचे, पाच इंच लांब, ५० रिंग. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी पाऊण इंचाहून किंचित जास्त. पहिला ओढला तो एका हातात फोन धरून, बोलता बोलता. दर दहा-पंधरा सेकंदांनी झुरका. अर्ध्यावर येईस्तोवर सिगार बोटांना गरम लागायला लागला आणि तोंड कडू झालं. वहीत लिहिलं, ‘पोकळ, कडवट, पुन्हा नको.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं, पण चारचौघांत तसं ठासून सांगूनही टाकलं.

आठवडाभराने दुसरा काढला. या वेळी फोन आत ठेवला. टोपी, म्हणजे ओठांकडचं बंद टोक, जेमतेम दोन मिलिमीटर कापली. जास्त खोल कापली की वरचं पान सुटून उलगडायला लागतं. न पेटवताच एकदा ओढून पाहिला: सुकं गवत, नवं लाकूड. मग ज्योत टोकाला न टेकवता, जरा लांबून, फिरवत फिरवत पेटवला.

पहिले काही झुरके अगदीच बेचव होते, कोरा कागद जळावा तसे. बहुतेकांचा निकाल इथेच लागतो, माझाही लागणार होता. पण मिनिटाला एक झुरका एवढंच पथ्य पाळलं, आणि इंचभर जळाल्यावर चव जाणवायला लागली. साय, भाजलेला बदाम, आणि थोडा धूर नाकावाटे सोडला तेव्हा पांढऱ्या मिरीची बारीक चुणचुण. नाकावाटे म्हणजे तोंडातलाच धूर, छातीत न ओढता. हे जमलं नाही तर सौम्य सिगार म्हणजे नुसती गरम हवा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकीचं सगळं नाकाचं काम. कडक सिगार नाक बंद ठेवलं तरी घशाला धक्का देऊन आपलं अस्तित्व सांगतो. सौम्य सिगार सांगत नाही, तुम्हालाच विचारावं लागतं.

म्हणजे आठवडाभरापूर्वीचा कडवटपणा सिगारचा नव्हता, माझ्या घाईचा होता. तंबाखू जास्त तापला की करपतो. गडद, कडक सिगारमध्ये ती करप मसाल्यात मिसळून जाते. इथे तिला लपायला जागाच नाही.

दुसरा घोळ रंगाचा. फिकं पान म्हणजे सौम्य आणि काळं पान म्हणजे जहाल, असं सरसकट धरलं जातं. रंग फक्त वरच्या पानाचा, रॅपरचा. चवीत त्याचा वाटा मोठा आहे, पण जोर ठरतो मुख्यतः फिलरवर, म्हणजे आत भरलेल्या पानांवर. झाडाच्या शेंड्याकडची लिहेरो पानं जाड, जोरकस आणि सावकाश जळणारी, मधली सेको सुवासाची, तळची वोलादो नीट जळण्यासाठी. फिक्या रॅपरखाली भरपूर लिहेरो भरली तर तो ‘नवशिक्यांचा’ सिगार चांगल्या मुरलेल्यालाही गरगरवून खुर्चीत बसवतो. उलट, माडुरो, म्हणजे काळ्याभोर रॅपरचा सिगार, बऱ्याचदा गोडसर आणि मवाळ निघतो.

आणि हे फिकं पान काही आपोआप फिकं होत नाही. १९०० साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, विंडसर इथे, कापडी मांडवाखाली तंबाखू लावून पाहिला गेला. तेव्हा सुमात्राच्या पातळ पानाने तिथल्या शेतकऱ्यांचा बाजार खाल्ला होता, त्याला हे उत्तर होतं. कापडातून ऊन गाळून येतं, आत दमटपणा टिकतो, आणि पान पातळ, मोठं, बारीक शिरांचं होतं. (याच खोऱ्यात, सिम्सबरीच्या तंबाखूच्या शेतांवर, १९४४ च्या उन्हाळ्यात मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर पंधरा वर्षांचे असताना मजुरीला होते. दक्षिणेतल्यासारखा वर्णभेद नसलेलं जग त्यांनी तिथे पाहिलं.) आता या जातीचं बरंचसं पान इक्वेडोरमध्ये होतं. तिथे मांडव लागत नाही, ढगच सावली धरतात.

एवढ्या नाजूक पानाचे नखरेही असतात. सिगार फार दमट ठेवला की आतला तंबाखू फुगतो आणि रॅपर उलतो. मी आर्द्रता ६५ ते ६८ टक्क्यांच्या आसपास ठेवतो. जळताना एक बाजू मागे राहिली तर लगेच लायटर लावू नये, बऱ्याचदा दोन झुरक्यांत ती स्वतःच सावरते. राख पांढरी म्हणजे सिगार उत्तम, हेही सोडून द्या. राखेच्या रंगात जमिनीतल्या खनिजांचा हात असतो.

गुण देताना मी आता तीनच गोष्टी बघतो. ओढ मोकळी आहे का, म्हणजे धूर सहज येतो का, शेवटच्या तिसऱ्या भागापर्यंत चव शाबूत राहते का, आणि झुरका संपल्यावर तोंडात स्वच्छ काही उरतं का. समीक्षेत बारा-बारा चवींची यादी वाचली की मला लिहिणाऱ्याच्या नाकापेक्षा त्याच्या शब्दसंग्रहाचं कौतुक वाटतं. मला चार सापडल्या, त्यातली एक बहुधा कल्पनेतली.

आणि ‘सौम्य’ हा शब्द चवीपुरताच. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होऊ शकतो, फिक्या पानाची तिथे काही सवलत नाही. म्हणून माझे महिन्याला दोन, त्यावर नाही.

पाकिटात तीन उरलेत. एकाचं पान टोकाशी किंचित उललंय, तो आधी संपवीन. एक, ज्यांच्यासमोर मी तो निकाल ठोकला होता त्यांच्यातल्या एकाला देणार आहे. फोन बाजूला ठेवायच्या अटीवर.