पावतीवर नसलेली पगडी

नमस्कार सर,

माझ्या शब्दकोशातल्या 'पगडी' या नोंदीवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पगडी हा मानाचा शब्द आहे. खोली भाड्याने देताना उचललेल्या रकमेला पगडी म्हणणं ही मुंबईच्या दलालांची बोली, आणि तो अर्थ दुसऱ्या क्रमांकावर देऊन मी शब्दाची अब्रू घालवली. शिवाय 'पगडा' मी 'पगडी'वरून आणला, त्याला आधार नाही.

पगड्याचं आधी. तुमचं बरोबर आहे. दोन शब्द सारखे दिसले म्हणून मी सोयरीक जुळवून टाकली. ते वाक्य आजच काढलं.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. मी गिरगावात पगडीच्या खोलीत वाढलो. आमच्या माळ्यावर एका गोल डब्यात पणजोबांची लाल पगडी आहे. पगडबंदाने एकदाच बांधून, शिवून दिलेली. टोपीसारखी उचलायची आणि डोक्यावर ठेवायची. फेटा किंवा पागोटं रोज बांधावं लागतं, तसं हिचं नाही. आतल्या कडेला घामाने काळपट झालेली एक पट्टी आहे, त्यावरून बोट फिरवलं की पणजोबांचं कपाळ कुठे टेकत असेल ते कळतं. त्याच डब्याशेजारी तारेत ओवलेल्या भाडेपावत्या आहेत. महिना, खोली नंबर, रक्कम, मालकाची सही. आजोबांनी ही खोली घेताना जी पगडी मोजली, ती मात्र यातल्या एकाही पावतीवर नाही.

कारण ती लिहिताच येत नव्हती. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला जास्तीत जास्त घेता येणारं भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून ठेवलं. महागाई वाढत गेली, भाडं जागच्या जागी राहिलं. मग मालक तो फरक सुरुवातीलाच रोखीने घेऊ लागले, आणि कायद्याच्या कलम 18 प्रमाणे असा पैसा घेणं हा गुन्हा होता. त्यामुळे सगळा व्यवहार तोंडी. पुढे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम 56 ने अशी रक्कम घेण्याला मुभा दिली. तो कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. म्हणजे पन्नासेक वर्षं हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर ज्या पैशावर उभं राहिलं, त्याला पावती नव्हती. होता तो फक्त एक शब्द. आणि तो वापरणारे दलालच नव्हते. माझी आजी वापरायची, गिरणीत जाणारे शेजारी वापरायचे. गुजराती शेजारी 'पाघडी' म्हणत, अर्थ तोच.

आता अब्रूचं. तुम्ही मान आणि पैसा वेगळे धरता. जुन्या मराठीत ते इतके वेगळे नव्हते. मुलीचा बाप व्याह्याच्या पायावर पागोटं ठेवायचा, ते मान म्हणून नव्हे, अडलेलं काम व्हावं म्हणून. पाटील-देशमुखांच्या मानपानात शेलापागोटं असायचं. साडीचोळी, पानसुपारी, चहापाणी हे शब्दही असेच वस्तूकडून पैशाकडे सरकलेत. काहीतरी मागायला आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही, आणि आणलेल्याला रक्कम म्हणत नाही, वस्तूचं नाव देतो. माझ्या मते 'पगडी' याच वाटेने खोलीच्या दारापर्यंत आली. उत्तरेत बाप गेल्यावर थोरल्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधतात, त्याला रस्म पगडी म्हणतात; तिथेही पगडीबरोबर घर सोपवलं जातं.

पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मलाही तुमच्याइतकाच आनंद आहे. पण ती आज बहुतेकदा सत्कारापुरती डोक्यावर येते आणि फोटो झाला की उतरते. दुसरी पगडी अजून घराघरांत रोज बोलली जाते. पुनर्विकासाची बैठक असली की आमच्या जिन्यात तोच एक शब्द ऐकू येतो. ज्या अर्थाने माणसं आजही झोप गमावतात, तो कोशात तळाला ढकलायला माझं मन होत नाही.

म्हणून क्रम बदलत नाही. तुमच्यामुळे एक भर मात्र घातली: दोन्ही अर्थांच्या मधे आता 'शेलापागोटं' आणि 'पायावर पागोटं ठेवणं' यांची नोंद आहे. ती आधीच असती, तर दुसरा अर्थ तुम्हाला एवढा परका वाटला नसता.