उद्घाटनापुरतं शौचालय कसं बांधावं

शौचालयांची योजना तुमच्या गळ्यात पडलीच आहे, तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्या: तुम्हाला लोकांची सोय करायची नाही, संडास मोजून दाखवायचे आहेत. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं फार सोपं आहे. 2022 साली जगात सुमारे 350 कोटी माणसांना सुरक्षित स्वच्छता-व्यवस्था नव्हती, आणि त्यातले 41.9 कोटी लोक उघड्यावर बसत होते. लक्ष फक्त या 41.9 कोटींवर ठेवा. बाकीच्यांपैकी पुष्कळांकडे संडास आहे. त्यातला मैला पुढे कुठे जातो, एवढंच कुणी सांगू शकत नाही. तसले प्रश्न विचारणाऱ्याला उद्घाटनाचं निमंत्रण धाडू नये.

जागा वस्तीपासून लांबची निवडा, उताराच्या तळाशी, जिथे पावसाचं पाणी आपसूक साचतं. दिवा लावू नका. आतून कडी नको, बाहेरून कुलूप मात्र दणकट हवं. मग बाया काळोख पडेपर्यंत कळ दाबून धरतील, त्यासाठी दिवसभर पाणीही कमी पितील, आणि तुमचं शौचालय पाहणीच्या दिवशी कोरं करकरीत दिसेल.

भांडं निवडताना रुबाब पाहा. खेड्यांसाठी जे भांडं असतं त्याचा उतार चांगला तीव्र, 25 ते 28 अंशांचा असतो, आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या खालच्या वाकड्या नळीत, पाणी जेमतेम 20 मिलिमीटर उभं राहतं. दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होतं, म्हणून ते तुमच्या कामाचं नाही. तुम्ही सपाट, चकचकीत, आठ-दहा लिटर मागणारं भांडं बसवा, आणि तेही जिथे पाणी डोक्यावरून आणतात तिथेच. पाच माणसं दिवसातून एकेकदा गेली तरी दहा लिटरांच्या जागी पन्नास लिटर लागणार. एवढं कोण वाहणार? लोक तांब्याभर ओततील, भांडं तुंबेल, मग कुणीतरी गज घालून ढोसेल, ट्रॅप फुटेल आणि खड्ड्याचा वास थेट वर येईल. त्यानंतर ‘लोकांची मानसिकताच बदलत नाही’ हे वाक्य अहवालात बिनधास्त लिहा.

खरी कारागिरी मात्र जमिनीखाली आहे, कारण तिथे फोटो काढायला कुणी उतरत नाही. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय ही इतकी साधी रचना आहे की ती बिघडवायला थोडी मेहनत घ्यावी लागते. पाच माणसांच्या घराला मीटरभर व्यासाचे आणि तेवढेच खोल दोन खड्डे पुरतात. विटांचं बांधकाम जाळीचं, एकाआड एका थरात फटी सोडलेलं. तळ मातीचाच. दोन खड्ड्यांत किमान मीटरभर अंतर, आणि भांड्याकडून येणाऱ्या वाटेवर वाय आकाराचं चेंबर, ज्याचं एक तोंड बंद ठेवायचं. एक खड्डा भरायला तीनेक वर्षं लागतात. मग मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. जंतांची अंडी चिवट असतात, त्यांना मरायला वेळ द्यावा लागतो. त्यानंतर उघडला की कोरडं, बिनवासाचं सोनखत निघतं.

आता हे मोडायचं कसं? फटी सिमेंटने लिंपून घ्या आणि बिलात ‘मजबुतीकरण’ लिहा. तळाला काँक्रीट ओता. अशा खड्ड्यात आठशे लिटरही मावत नाहीत. रोज तीस-चाळीस लिटर पाणी आत गेलं आणि मुरायला जागाच नसली, तर तीन वर्षांचा खड्डा महिन्याभरात तोंडाशी येतो. हे नको असेल तर उलटं करा: खोल, आणखी खोल खणा. लोकांनाही खोल खड्डा आवडतो, पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असं वाटतं. खड्ड्याच्या तळापासून भूजलापर्यंत दोन मीटर तरी कोरडी माती असावी, कारण जंतू तीच अडवते, असं जाणकार म्हणतात. तुम्ही ती माती खणून बाहेर काढली की खड्डा कधीच भरत नाही. त्यातलं सगळं शेजारच्या विहिरीत जातं आणि ‘यशोगाथा’ या सदरासाठी तुम्हाला एक कुटुंब मिळतं.

यातलं काहीच जमलं नाही तर वाय चेंबरची दोन्ही तोंडं उघडी सोडा. हा सगळ्यात स्वस्त आणि हमखास उपाय. दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात, विश्रांती कुणालाच मिळत नाही आणि खताऐवजी ताजा मैला उपसायची वेळ येते.

सेप्टिक टँक बांधणार असाल तर त्याच्यापुढे शोषखड्डा खणू नका. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, फक्त गाळ खाली बसलेला असतो. ते सरळ उघड्या गटारात सोडा. गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, म्हणून झाकणावर फरशी बसवून टाका आणि मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोहोचणार नाही अशा बोळात टाकी ठेवा. गाडी पोहोचलीच तरी घाबरू नका. ती रिकामी कुठे होते, हे पाहायला तिच्यामागे कुणी जात नाही.

गाडी न पोहोचल्यास माणूस उतरवला जातो, आणि इथे तुमच्या शब्दांची खरी कसोटी लागते. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचं प्रमाण वाढलं की आधी वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणजे ‘आता वास येत नाही, उतर’ असं सांगितलं जातं, तो क्षण सगळ्यात धोक्याचा. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. अहवालात ‘दुर्दैवी घटना’ लिहा. हवा मोजणारं यंत्र, कमरेची दोरी, उपसा पंप यांतला एकही शब्द कागदावर येता कामा नये, नाहीतर ते कुणी द्यायला हवं होतं असं कुणीतरी विचारेल.

पाणी नसलेल्या भागांसाठी झिम्बाब्वेत 1970च्या दशकात हवेशीर खड्ड्याचं शौचालय विकसित झालं. आत अंधार, खड्ड्यातून छताच्या वर अर्धा मीटर जाणारा रुंद पाइप आणि पाइपाच्या तोंडावर बारीक जाळी. वारा पाइपातून वास वर ओढतो. माश्या उजेडाच्या दिशेने पाइपात चढतात आणि जाळीखाली अडकून मरतात. ती जाळी बसवायला विसरा, काम फत्ते.

वासावरून आठवलं. निर्णय घेणाऱ्यांना तुमच्या गटारापासून वाऱ्याच्या उलट बाजूला बसवा. 1858च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये हे भान सुटलं. थेम्सची दुर्गंधी थेट संसदेत शिरली, क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, भिजवलेले पडदे लावूनही भागेना, आणि वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या भुयारी गटारांचा कायदा तीन आठवड्यांच्या आत मंजूर झाला. असली घाई तुम्हाला परवडणार नाही.

ठराव मात्र हवे तेवढे करा, ते निरुपद्रवी असतात. जुलै 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचं मान्य केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात हैतीमध्ये त्याच संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतला मैला ओढ्यावाटे नदीत उतरला आणि ज्या देशात किमान शतकभर कॉलऱ्याची नोंद नव्हती, तिथे सुमारे दहा हजार माणसं दगावली. महासचिवांनी जाहीर माफी मागितली ती डिसेंबर 2016 मध्ये. ठरावानंतर मैला नदीत उतरायला तीन महिने नि त्यानंतर माफी यायला सहा वर्षं, हे प्रमाण नमुन्यादाखल जवळ ठेवा.

राहता राहिला अहवाल. त्यात ‘बांधलेली शौचालयं’ हा रकाना ठळक ठेवा आणि ‘वापरात असलेली’ हा रकाना छापूच नका. शाळेतलं शौचालय पाहुण्यांसाठी कुलपात असलं तरी ते ‘उपलब्ध’ याच रकान्यात जातं. पाळीच्या दिवसांत मुली घरी का राहतात, हा शिक्षण खात्याचा विषय आहे. रॅम्प बांधून शेवटी एक पायरी ठेवली तरी ‘अपंगांसाठी सुविधा’ या ओळीत टिक करता येते.

मुदतीचं दडपण तर मुळीच घेऊ नका. 1981 ते 1990 हे दशक सर्वांना पाणी आणि स्वच्छता देण्यासाठी होतं. मग 2015 पर्यंत वंचितांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं ठरलं, त्यातलं स्वच्छतेचं उद्दिष्ट हुकलं, साधारण 70 कोटी माणसांनी. आता 2030 पर्यंत पुन्हा सगळ्यांना द्यायचं आहे. तुमच्या फलकावर वर्ष रंगवताना शेवटचे दोन आकडे खडूनेच लिहा.