टेगूला अख्खा उंदीर की तयार खाद्य? दोन तारे देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या रिव्ह्यूत तीन तक्रारी आहेत. तयार खाद्याच्या डब्याकडे तुमच्या टेगूने (दक्षिण अमेरिकेतल्या या मोठ्या सरड्याने) ढुंकूनही पाहिलं नाही. अख्खा उंदीर हेच पूर्ण अन्न असताना आम्ही महागाचा डबा गळ्यात मारला. आणि आमच्याकडचा फ्रोझन उंदीर त्याने दुसऱ्या दिवशी ओकून टाकला, म्हणजे माल खराब होता. टेगू दीड वर्षाचा आहे आणि रोज दोन उंदीर खातो, असंही तुम्ही लिहिलंय. शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती आजच्या आज बघायला हवी.

केसांसकट, जवळपास न पचलेला उंदीर बाहेर आला, तर पहिला संशय तापमानावर घ्यायचा. टेगूचं पचन बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली अंग शेकण्याच्या जागी दगडाचा पृष्ठभाग 50 ते 55 अंश सेल्सिअस आणि थंड बाजू 25 ते 27 अंशांच्या आसपास लागते. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, दगडाचं नाही. त्यासाठी इन्फ्रारेड गन लागते. दगड जेमतेम 35 अंशांवर असेल तर उंदीर पोटात पचण्याऐवजी सडायला लागतो आणि टेगू तो बाहेर टाकतो. खाऊ घातल्यानंतर दुपारभर लाइट गेली तरी हेच होऊ शकतं.

दुसरं कारण म्हणजे आतून गोठलेला उंदीर. बाहेरून मऊ लागतो, पण पोटात बर्फाची गाठ तशीच असते. आदल्या रात्री पाकीट न फोडता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी पिशवीसकट साधारण 40 अंशांच्या, म्हणजे हाताला छान कोमट लागणाऱ्या पाण्यात 20 ते 30 मिनिटं ठेवा आणि मग बोटाने पोट दाबून बघा. कुठेही कडक लागलं तर पाणी बदलून पुन्हा ठेवा. मायक्रोवेव्ह अजिबात नको, एक बाजू शिजते आणि दुसरी गोठलेलीच राहते. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा फ्रीझरमध्ये टाकायचा नाही.

उंदीर खरंच खराब असेल तर वितळल्यावर लपत नाही. पोटाची कातडी हिरवट पडते, चोळली की सुटून येते आणि पिशवी उघडताच वास येतो. पाकिटातल्या उरलेल्यांपैकी एकात जरी हे दिसलं, तरी सगळं पाकीट परत आणा, पूर्ण पैसे देऊ. सध्या चार-पाच दिवस त्याला फक्त पाणी द्या. मग नेहमीच्या एक तृतीयांश इतकं मऊ खाणं द्या. तेही ओकला तर थांबू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि शी तपासायला सोबत घ्या.

आता उंदरांबद्दल. अख्खं भक्ष्य चांगलं असतं, हे तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे. हाडं, यकृत, आतडी असं सगळं एकत्र मिळतं. मोठ्या उंदरात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त असतं आणि टेगूला तेच हवं असतं. पण हा गुण मोठ्या उंदराचा. पिंकीची, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या बिनकेसाच्या पिल्लाची, हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, त्यामुळे तिच्यात कॅल्शियम बरंच कमी असतं. रातकिडासुद्धा अख्खाच गिळला जातो, पण त्याला हाडंच नाहीत, आणि त्याच्यात कॅल्शियमच्या नऊपट फॉस्फरस असतो. म्हणून अख्खं म्हणजे पूर्ण, असं सरसकट धरता येत नाही.

शिवाय मोठ्या उंदराच्या कोरड्या वजनात जवळपास पाव भाग चरबी असते. 25 ग्रॅमचे दोन उंदीर रोज, म्हणजे आठवड्याला 350 ग्रॅम उंदीर. दीड वर्षाच्या टेगूची वाढ आता मंदावत आलेली असते, तेव्हा ही चरबी पोटात आणि यकृतात साठते. बाहेरून ती उशिरा दिसते: शेपटीचं मूळ गोल होतं, चालताना पोट जमिनीला घासतं. नराचे गाल वयात येताना फुगतात ते वेगळं, त्याला चरबी समजू नका.

अर्जेंटिनाचा काळा-पांढरा टेगू मुळात सर्वभक्षी आहे. तो किडे, गोगलगायी, अंडी, फळं आणि मिळाला तर लहान प्राणी खातो. आपल्याकडे बघणारे त्याला घोरपडीचा भाऊ समजतात आणि नुसत्या मांसावर ठेवतात. घोरपड वेगळ्या कुळातली आहे, आणि ती पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गोगलगायी टेगूला आवडतात खऱ्या, पण पावसाळ्यात शेतातून शंखी गोगलगायी वेचून देऊ नका. त्यांच्यासाठी मेटाल्डिहाइडचं आमिष टाकतात आणि ते विष टेगूच्या पोटात जाईल.

डब्याबद्दलही मोकळेपणाने सांगतो. अमेरिकेतल्या ॲफको या संस्थेने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी पोषणाची मानकं ठरवली आहेत, सरड्यांसाठी नाहीत. त्यामुळे टेगूच्या डब्यावर ‘संपूर्ण आहार’ छापलेलं असतं तो त्या कंपनीचा दावा असतो. फक्त डब्यावर टेगू ठेवा, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. डबा कामाला येतो तो मांसाबरोबर. बहुतेक घरांत टेगूला बोनलेस चिकन दिलं जातं, आणि 100 ग्रॅम बोनलेसमध्ये फॉस्फरस साधारण 200 मिलिग्रॅम तर कॅल्शियम जेमतेम 10 ते 15 मिलिग्रॅम असतं. हे महिनोन्‌महिने चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात, पाय वाकतात. चिकन द्यायचंच असेल तर दर 100 ग्रॅमला 1 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची पावडर मिसळा. त्यातून 400 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि प्रमाण दोनास एक होतं. चांगल्या तयार खाद्यात हा हिशोब आधीच केलेला असतो, जीवनसत्त्व अ आणि डी3 सुद्धा घातलेली असतात. म्हणूनच डबा नियमित चालू असताना वरून डी3 असलेली पावडर भुरभुरायची नाही. डी3 जास्त झालं की रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं.

लेबल वाचताना ओलावा आधी बघा. डब्यावर प्रथिनं 8 टक्के आणि ओलावा 78 टक्के असेल तर कोरडा भाग 22 टक्के उरतो. 8 ला 22 ने भागलं की प्रथिनं खरी 36 टक्के निघतात. पेलेटच्या (कोरड्या दाणेदार खाद्याच्या) पाकिटाशी तुलना याच आकड्याने करायची. पेलेट कोरडे देऊ नका, तेवढ्याच कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा. उघडलेला डबा फ्रिजमध्ये झाकून दोन-तीन दिवसांत संपवा.

तो खात का नाही, याचं उत्तर त्याच्या जिभेत आहे. टेगू समोरच्या वस्तूला दुभंगलेली जीभ लावतो आणि टाळूतल्या इंद्रियाने वास ओळखतो. उंदराचा वास ओळखीचा झालाय, डब्यातला गोळा त्याच्या लेखी अन्नच नाही. उंदीर वितळताना पिशवीत उतरलेलं पाणी त्या गोळ्यावर चोळा, किंवा नऊ भाग खिम्यात एक भाग खाद्य कालवा. दर पाच-सहा दिवसांनी एकेक भाग वाढवत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत न्या. एकदम सगळं बदललं तर तो नाकारतोच, आणि खाल्लंच तर शी पातळ होते.

तुमच्या टेगूसाठी आम्ही असं सुचवू: आठवड्यातून चार दिवस खाणं, तीन दिवस सुट्टी. एक दिवस दोन मोठे उंदीर किंवा एक बटेर. दोन दिवस चिकनचा खिमा आणि तयार खाद्य, सोबत थोडी कलेजी, पण रोज नाही, कारण तिच्यात जीवनसत्त्व अ फार असतं. एक दिवस उकडलेलं अंडं (कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं) आणि पपई, अंजीर किंवा लाल भोपळा. दर रविवारी त्याचं वजन वहीत लिहा. महिनाभर वजन स्थिर राहून शेपटीचं मूळ उतरलं तर प्रमाण बरोबर आहे. वजन घसरत राहिलं तर खाण्याचा एक दिवस वाढवा.

न उघडलेला डबा परत करायचा असेल तर बिल आणा, पैसे देऊ. येताना बास्किंगच्या दगडाचा गनने घेतलेला आकडा मात्र फोटो काढून आणा. गन नसेल तर दुकानातली दोन दिवस घेऊन जा.