जिमच्या शूजचा तो मेसेज आणि आमचा पावसाळा

आमच्या महिला ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरतोय: ‘भगिनींनो, बायकांचे वेगळे जिमचे शूज म्हणजे निव्वळ लूट. पुरुषांचेच एक नंबर लहान घ्या, सोल जितका मऊ तितका चांगला, दर आठवड्याला मशीनमध्ये धुवा, कडक उन्हात वाळवा आणि सोल झिजेपर्यंत वापरा.’ रत्नागिरीत राहून हे वाचलं की हसू येतं.

लुटीचं थोडं खरं आहे. नुसत्या गुलाबी रंगाचे जादा पैसे मीही देणार नाही. पंजा रुंद असेल तर पुरुषांचे शूज खुशाल घ्या. पण बऱ्याच बायकांची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते. मग एक नंबर लहान घेतला की बोटं पुढे आखडतात आणि टाच मागे निसटते ती निसटतेच. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. जिमचेच मोजे घाला. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि चवड्यावर उभं राहिल्यावर टाच सुटता कामा नये. बाळंतपणानंतर काहींचा पाय कायमचा लांबतो, तेव्हा जुन्या नंबरावर विसंबू नका.

मऊ सोल ट्रेडमिलवर ठीक. धावण्याच्या बऱ्याच शूजमध्ये टाच पंजापेक्षा ८ ते १२ मिमी उंच असते. खांद्यावर वजन घेऊन स्क्वॉट मारताना टाचेखालचा तोच मऊ फोम दबतो आणि घोटा डुगडुगतो. वजनांसाठी सपाट, घट्ट सोल बरा. झुंबाला बाजूच्या हालचाली जास्त, तिथे कडा पक्क्या हव्यात.

आता धुण्या-वाळवण्याचं. वर्षाला ३००० मिमीहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात आषाढात कडक ऊन कुठून आणायचं, हे काही मेसेजात नाही. मशीनमध्ये फोम पाणी पितो आणि आत बुरशी धरते. मी एकदा शहाणपणा करून ओले शूज न्हाणीच्या चुलीशेजारी ठेवले. सकाळी डाव्या शूजने बेडकासारखा आ वासलेला! उष्णतेने गोंद सुटतो, फोम आकसतो. तापलेल्या पत्र्यावर ठेवले तरी तेच. त्यामुळे आतला तळवा आणि नाड्या काढून वेगळ्या धुवायच्या, वरचा भाग जुन्या ब्रशने पुसायचा, आत रद्दीचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचं. बोळे दोन-तीन तासांनी बदलायचे, नाहीतर तेच ओले होऊन बसतात. जिमची बॅग रात्रभर बंद ठेवू नका, निम्मा वास तिथेच जन्मतो.

आणि ‘सोल झिजेपर्यंत’? आमच्या वहिनीने महागाचे शूज ‘चांगले’ म्हणून खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. दोन पावसाळे गेले. दसऱ्याला बाहेर काढले, तळाची नक्षी अगदी कोरी. तिसऱ्या स्क्वॉटला शूजची टाच सुटून जमिनीवरच राहिली, हातात घेतली तर शिळ्या नानकटाईसारखा भुगा. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल दमट हवेत न वापरताही आतून तुटत जातो. ईव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोमला हा रोग तसा होत नाही, पण तोही वापराने दबून मरतो, बाजूला सुरकुत्या दिसायला लागतात.

वहिनीचे नवे शूज आता ओटीवर उघडेच असतात. आठवड्यातून चार दिवस पायात जातात, आणि परवा त्यातून एक बेडूक निघाला. हा खराखुरा.